काटाबाई आणि मामंजींचं बोट

आमच्या आक्कांना त्यांच्या कामाच्या ठिकाणी सगळे काटाबाई म्हणतात. आक्का म्हणजे ह्यांची मोठी बहीण, माझ्या नणंद. गाणी रेकॉर्ड करण्याच्या स्टुडिओत त्या तीस वर्षं आहेत, आणि तीस वर्षं त्यांची नजर आवाज मोजणाऱ्या मीटरच्या काट्यावर. समोर कितीही मोठा गवई उभा असो, यांचं लक्ष काट्याकडे. एकदा कुणीतरी विचारलं, "बाई, गायकाचा चेहरा तरी बघता का कधी?" तर म्हणाल्या, "चेहरा खोटं बोलतो."

आक्का ठेंगण्या, केस आखूड, बोलणं त्याहून आखूड. लग्न केलं नाही. का नाही, असं विचारणाऱ्यांना त्या उत्तर देत नाहीत, आणि मी विचारत नाही. आमच्याच घरात मागच्या खोलीत राहतात. सकाळी देवापुढे दिवा लावला की मी वहीत पानभर लिहिते. त्यात आक्का अधूनमधून डोकावतात, कधी डबा विसरल्या म्हणून, कधी शेजाऱ्यांच्या स्पीकरवरून भांडल्या म्हणून. पण गेल्या महिन्यात एका आठवड्यात जे पाहिलं, ते पानभरात मावलं नाही. म्हणून हे सावकाश लिहिते आहे.

त्यांच्या स्टुडिओत मी पहिल्यांदा गेले तीही विसरलेला डबा द्यायलाच. दोन जाड दारं, मध्ये हातभर पोकळी. दुसरं दार लागलं आणि बाहेरचं जग कुणीतरी पुसून टाकल्यासारखं झालं. मला माझा श्वास ऐकू आला, पिशवीतल्या चमच्याची किणकिण ऐकू आली. एवढी शांतता मला प्रार्थनेतही क्वचितच भेटलेली. मी नकळत हात जोडले.

"कुणाला नमस्कार करतेस? इथं मीच आहे," आक्का म्हणाल्या. "बस. एकच गाणं दोनदा ऐकवते. कुठलं आवडलं ते सांग."

दुसऱ्या खेपेला ते चांगलं ठसठशीत वाजलं. मी म्हटलं, "दुसरं. कसं भरलेलं वाटतं."

"सगळे हेच म्हणतात. मोठं ते आधी चांगलंच वाटतं, कानाची ती खोडच आहे. आता मी दुसऱ्याचा आवाज पहिल्याइतका कमी करते. ऐक पुन्हा."

पुन्हा ऐकलं आणि मी चाट पडले. पहिल्या गाण्यात ढोलाची थाप पडायच्या आधी क्षणभर काहीच नव्हतं, म्हणून ती थेट पोटात उतरत होती. दुसऱ्यात थाप होती, पण उशीवर मारावी तशी. पहिल्यात गाणारी बाई मनातलं काहीतरी हळूच सांगत होती. दुसऱ्यात तीच गोष्ट ती चव्हाट्यावर उभी राहून सांगत होती. आणि दर थापेसरशी तिचा आवाज पाण्यात बुडी मारून वर येत होता. एकच बाई, एकच गाणं, एकाच दिवशी गायलेलं!

"हे कशानं झालं?"

"कॉम्प्रेसरनं."

आमच्या फ्रीजचा कॉम्प्रेसर दोनदा बदललाय, म्हणून शब्द मला ठाऊक होता. हा त्यातला नव्हे.

"हे बघ," आक्का म्हणाल्या, आणि त्या दिवशी त्या जेवढं बोलल्या तेवढं एरवी महिन्यात बोलत नाहीत. "काटा या लाल पट्टीत गेला की आवाज फाटतो. म्हणजे खोलीचं छत ठरलेलं. खोलीत उंच माणसं आहेत, माझ्यासारखी ठेंगणीही आहेत. हे यंत्र उंच माणसांना वाकवतं. सगळी उंच वाकली की वर जागा होते. मग काय करायचं, जमीनच वर उचलायची. सगळ्यांची डोकी छताला! बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, वा, खोली काय गच्च भरलीय. पण उंच कोण आणि ठेंगणं कोण, ते गेलं. थोडं वाकवायला हरकत नाही, आम्ही रोजच करतो. गाणारा माइकपुढे मागेपुढे होतो, त्याला सावरावं लागतं. पण हल्ली माणसाला वाकवत नाहीत, घडी घालून ठेवतात."

स्वयंपाक करताना तासभर नवी गाणी लावली की मी उगाच का थकते, आणि रेडिओ बंद केला की घरालाच हायसं का वाटतं, ते मला त्या दिवशी कळलं. त्या गाण्यांत कुणी श्वासच घेत नव्हतं.

याच पायी आक्कांनी स्वतःचं नुकसानही करून घेतलं होतं. एक निर्माता तावातावानं आला होता, म्हणे माझ्या गाण्यापेक्षा दुसऱ्याचं गाणं मोठं वाजतं.

"तुमच्या गाण्यात शांतता आहे, म्हणून," आक्का म्हणाल्या.

"शांतता घेऊन मी काय करू? लोक काय शांतता ऐकायला थांबतात?"

"मग तीन मिनिटं शिट्टी फुंका. त्याहून मोठं काही नाही."

निर्माता टेप उचलून गेला तो गेलाच. मालकांनी आक्कांना मागच्या खोलीत जुन्या टेपा उतरवून घ्यायच्या कामाला बसवलं. नऊ वर्षं झाली. त्यांनी कानाला खडा लावला होता: कुणाचंही गाणं आपल्या हातून असं दाबलं जाणार नाही. जुन्या टेपांना कुणी दाबा म्हणत नाही, त्यामुळे त्या खूष होत्या.

आता मामंजींचं सांगते, कारण सगळं तिथूनच आहे.

मामंजी म्हणजे माझे सासरे. छापखान्यात अडतीस वर्षं मशीन चालवलं. त्यांच्याकडे एक रेकॉर्ड प्लेअर आणि एक रेकॉर्ड आहे. इतर रेकॉर्डी होत्या, त्या कुणाकुणाला दिल्या. ही दिली नाही. तिच्यावर गाणाऱ्या बाईंचं नाव लेबलावरून कधीच पुसलं गेलंय. आमच्या घरात त्यांना नुसतं 'बाई' म्हणतात, जणू आतल्या खोलीत राहतात. गाणं सुरू होण्याआधी बाई श्वास घेतात. अगदी हलका. मग इतक्या हळू आवाजात गाणं सुरू होतं की आपण आपोआप पुढे झुकतो. पुढे वाद्यं येतात, गाणं चढत चढत जातं, आणि शेवटी बाईंचा आवाज असा काही उघडतो की भिंतीवरचं घड्याळसुद्धा थांबून ऐकत असेल.

दर रविवारी चार वाजता मामंजी ही रेकॉर्ड लावत. सुई टेकली की उजव्या हाताचं पहिलं बोट गुडघ्यावर ठेवत, आणि बाईंनी श्वास घेतला की नेमक्या त्या क्षणी ते बोट वर होई. लहानपणी आक्का त्यांच्याजवळ बसून त्या बोटाकडे बघत. "जगात इतकं बारीक काहीतरी असतं आणि ते पकडता येतं, हे मला त्या बोटानं शिकवलं," असं त्या एकदाच म्हणाल्या होत्या. बापलेकीत बोलणं बेताचंच. पण रविवारी चार वाजता आक्का कुठेही असल्या तरी घरी येत.

तर गेल्या महिन्यातल्या एका रविवारी सुई टेकली, श्वास आला आणि गेला, बोट हललं नाही. बाई गाऊ लागल्या तरी मामंजी वाटच बघत होते. गाणं चढलं तेव्हा ते दचकले आणि शेवटी दोन्ही कानांवर हात ठेवले.

"रेकॉर्ड झिजली," ते म्हणाले. "बाईंचा श्वास गेला. निम्मं गाणं गेलं. उरलंय ते नुसतं बोंबलतंय."

आक्का म्हणाल्या, "बाबा, रेकॉर्ड आहे तशीच आहे."

"तूच नेली होतीस ना स्टुडिओत पुसायला? घासलीस तूच. काटाबाई म्हणे!"

आक्कांचा चेहरा पांढराफटक पडला. "बाबा, कानाच्या डॉक्टरांनी सांगितलंय ना..."

"माझ्या कानाला काही झालेलं नाही. तुम्ही लोक पुटपुटता." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "सूनबाई, त्या दुरुस्तीवाल्याला निरोप दे. कधीचा प्लेअरवर डोळा ठेवून आहे. शनिवारी दहाला ये म्हणावं आणि रेकॉर्डसकट घेऊन जा. फुकट."

कानात घालायचं यंत्र डॉक्टरांनी वर्षापूर्वीच दिलं होतं. "कानात भांडी पडतात," म्हणून मामंजींनी दोन दिवसांत ते ड्रॉवरमध्ये टाकलं. मी निरोप दिला, नाही म्हणायची सोय नव्हती. पण आक्का त्या रात्री जेवल्या नाहीत. प्लेअर गेला तर रविवारचं चार वाजणं संपलं, आणि त्या दोघांमध्ये दुसरं होतं काय?

सोमवारी आक्कांनी नुसता आवाज वाढवून पाहिला. सुरुवातीलाच मामंजींचा चेहरा उजळला, "हां, आहेत बाई!" पण गाणं चढल्यावर ते ताडकन उठले. "ओरडायला काय झालं हिला? भांडण झालंय का कुणाशी?"

त्यांचं नेहमीचंच होतं ते. हळू बोललं की "जरा मोठ्यानं बोल," आणि मोठ्यानं बोललं की "अंगावर काय ओरडतेस!" मी इतकी वर्षं तो स्वभाव समजत होते.

बुधवारी आक्का स्टुडिओतून एक धुळकट डबा घेऊन आल्या. तीन मोठी बटणं, एक काटा. मी ओळखला. "आक्का, हा तर तोच कॉम्प्रेसर!"

"तोच. बोलू नकोस."

प्लेअर आणि स्पीकर यांच्यामध्ये त्यांनी तो जोडला. रेकॉर्डला धक्का नाही; आवाज कानाकडे जाताना वाटेत वाकवायचा. आक्कांनी निर्मात्यांना हवा असतो तसा सगळा एकजात दाबला आणि मामंजींना हाक मारली. मामंजींनी पूर्ण ऐकलं. कानांवर हात नाही गेले. बोटही नाही उठलं.

"ऐकू आलं ना बाबा?"

"आलं की. सगळं आलं. पण ही आपली बाई नव्हे. ही कुणीतरी निरोप सांगणारी आहे. सुख सांगते तेही त्याच आवाजात, दुःख सांगते तेही त्याच."

आक्का माझ्याकडे बघतच राहिल्या. ज्याला श्वास ऐकू येत नाही त्या माणसाला हा फरक मात्र कळला! देवानं कान बनवताना काय काय भरलंय त्यात, त्याचा थांग नाही.

स्वयंपाकघरात येऊन आक्का म्हणाल्या, "बघितलंस? ज्या रेकॉर्डनं मला कान दिला तिलाच दाबायला निघाले होते. त्याचं हे फळ."

"आक्का," मी म्हटलं, "देव केवढा आणि आपलं मन केवढं. तरी तो मावतोच ना आत, वाकून?"

"तुझं आपलं सगळं देवाकडे जातं."

"जातं खरं. पण तो दार बघून वाकतो. तुम्ही दार कुठं बघितलंत?"

हे मी नुसतं तोंडाला आलं म्हणून बोलले होते. पण आक्कांनी ते धरून ठेवलं, आणि गुरुवारी सुट्टी काढली. मामंजींच्या कानाचं दार मोजायला एक छोटं यंत्र आणलं, त्यातून एकेक साधा आवाज निघे, जाडाभरडा पुंग, मग टुंग, मग अगदी बारीक टिंग. "बाबा, ऐकू आलं की बोट वर करायचं. आणि कानाला टोचायला लागलं की तळहात." मला वही आणायला सांगितली. प्रत्येक आवाजाला दोन आकडे: किती हळू ऐकू येतं, आणि किती मोठं सोसतं.

मामंजी पहिल्यांदा एकही चुकले नाहीत. बारीकातला बारीक आवाज, बोट वर! मी खूष होऊन आकडे लिहीत सुटले. आक्कांच्या कपाळाला मात्र आठ्या. त्यांनी यंत्र बंदच केलं आणि नुसता खांदा हलवला. बोट वर.

"बाबा, मी काही वाजवलंच नाही."

"मग हललीस कशाला?"

त्यांना खिडकीकडे तोंड करून बसवलं. तरी बोट बिनचूक. मग माझ्या लक्षात आलं, बाजूच्या कपाटाच्या काचेत आक्का स्वच्छ दिसत होत्या. मी कपाटावर चादर टाकली.

"सूनबाई, तूसुद्धा फितूर झालीस!" मामंजी म्हणाले, पण हसले. अडतीस वर्षं मशीनच्या धडधडाटात सोबत्यांचे हातवारे बघून काम केलेला माणूस. ऐकू न येणं त्यांनी डोळ्यांनीच झाकलेलं.

मग खरे आकडे आले. जाड आवाजाला त्यांच्या कानात अजून ऐसपैस दिवाणखाना होता. आवाज जसजसा बारीक होत गेला तसतशी खोली बुटकी होत गेली. अगदी बारीक आवाजाला नुसता माळा उरला होता: हळू असेल तर येतच नाही, जरा मोठा झाला की टोचतो. आक्का माझ्या वहीतल्या त्या पानावर बोट फिरवत म्हणाल्या, "एवढी वर्षं मी गाण्याचं छत मोजत होते गं. बाबांचं छत खाली आलंय नि जमीन वर आलीय. स्वभाव नव्हता तो."

शुक्रवारी दिवसभर त्या डब्यासमोर माझी वही घेऊन बसल्या. जाड आवाज जवळजवळ तसाच सोडला. मधला थोडा वाकवला. बारीक आवाज, म्हणजे ज्यात श्वास असतो, शब्दांच्या कडा असतात, तो हळू असेल तिथे भरपूर उचलला आणि मोठा होईल तिथे हलकेच धरला. आमच्या धडधाकट कानांना ते विचित्रच लागत होतं. रेकॉर्डची खरखरही वर आली, तेलात काहीतरी तळल्यासारखी.

"आणि ही एक बारीक चिरचिर आलीय बघ, श्वासाच्या आधी," आक्का वैतागून म्हणाल्या. "कधी नव्हती. डब्याचीच असेल. जुना आहे."

शनिवारी सकाळी पावणेदहाला मामंजींना खिडकीकडे तोंड करून बसवलं. कपाटावर चादर. "आता काय परीक्षा?" ते म्हणाले. "तो माणूस दहाला येतोय."

"शेवटचं ऐका. मग द्या."

सुई टेकली. मामंजींनी बोट गुडघ्यावर ठेवलं. मी मनातल्या मनात देवाचं नाव घेत होते. बाईंच्या श्वासाला अजून चार-पाच क्षण होते, आणि मामंजींचं बोट वर झालं.

चुकलं. फार आधी झालं. आक्कांनी डोळे मिटून घेतले. मलाही वाटलं: ऐकून नव्हे, सवयीनं, अंदाजानं केलं. मग बाईंनी श्वास घेतला, आणि ते बोट, वरच असलेलं बोट, आणखी ताठ झालं. मामंजींनी गाणं शेवटपर्यंत ऐकलं. बाईंचा आवाज उघडला तेव्हा त्यांनी कान झाकले नाहीत. हळूच मान डोलावली. गाणं संपलं.

आक्का जमिनीकडे बघत म्हणाल्या, "बाबा, बोट आधी केलंत."

"आधी कसं? चिमणी बोलली तेव्हा केलं."

"कोण?"

"चिमणी. बाईंच्या श्वासाच्या आधी. खिडकी उघडी असणार त्या खोलीची. मग बाईंनी श्वास घेतला. श्वासही आला हो, सूनबाई!"

आक्कांनी धावत जाऊन सुई पुन्हा सुरुवातीला ठेवली. तीच चिरचिर. आक्का मनगटावरच्या घड्याळाकडे बघत पुटपुटू लागल्या. "रेकॉर्डचा एक फेरा दोन सेकंदांच्या आतबाहेर. ओरखडा असता तर दर फेऱ्याला आला असता." त्यांनी तिसऱ्यांदा सुई ठेवली. एकदा चिव. मग एक फेरा पुरा झाला तरी काही नाही. मग लागोपाठ दोनदा, चिवचिव. मग बाईंचा श्वास. फेऱ्याशी काहीच मेळ नव्हता. ओरखडा नव्हता तो, आणि डबाही नव्हता.

पन्नास वर्षांपूर्वीच्या कुठल्याशा सकाळी कुठल्याशा खिडकीत एक चिमणी बोलली होती. बाईंना ती ऐकू आली असेल, म्हणून त्या चार क्षण थांबल्या असतील. ती या काळ्या तबकडीत शिरून बसली, आणि घरातल्या कुणालाही कधी दिसली नाही, इतकी ती बारीक. आक्कांच्या तयार कानांनीसुद्धा काल तिला यंत्राची खोडी समजून धुडकावलं. ओळखलं कुणी, तर ज्यांच्या कानांतून चिमण्या केव्हाच उडून गेल्या होत्या त्यांनी! देवा, तुझ्या हिशेबापुढे मी काय बोलू.

आक्का डब्याच्या त्या धुळकट काट्याकडे बघत होत्या. चेहऱ्यावरून काय वाटतंय ते कळत नव्हतं, पण त्याच म्हणतात ना, चेहरा खोटं बोलतो. त्यांनी बोटानं काट्यावरची धूळ पुसली, ते खरं होतं.

"मी हिला काढून टाकणार होते," त्या एवढंच म्हणाल्या.

मामंजी खिडकीबाहेर बघत होते. बाहेरच्या तारेवर नेहमीच्या तीन-चार चिमण्या बसल्या होत्या, चोची हलत होत्या. "या रोज येतात का गं अजून?"

"येतात की, मामंजी. रोज."

"बोलतात?"

"कानीकपाळी ओरडतात."

ते चोचींकडे बघत राहिले. मग मान वळवून आक्कांना म्हणाले, "तुला घासलीस म्हटलं मी."

"असू दे बाबा."

"असू दे कसं? चूक ती चूक. लाव पुन्हा."

दहाच्या ठोक्याला दुरुस्तीवाला आला, हातात दोरी आणि जुनं पोतं. "काका, आलो बरं का! कुठं आहे आपला..."

सुई नुकतीच टेकली होती. मामंजींनी मागे वळूनही पाहिलं नाही. त्यांनी उजव्या हाताचं पहिलं बोट वर केलं, आणि तो बिचारा दोरी हातात घेऊन दारातच, एक पाय आत एक पाय बाहेर, श्वास रोखून उभा राहिला.